थंडीत जन्मलेलं कोकरू: तपकिरी चरबी आणि पहिले पाच तास

रानवैद्य

मंडळी,

नागपूरचा पारा या आठवड्यात पुन्हा दहाच्या खाली घसरलाय. शहरात आठ-नऊ अंश दिसत असतील, पण काटोल, कोंढाळी, कळमेश्वरच्या उघड्या शिवारात पहाटे त्याहून कमी भरतं. कापूस निघालेल्या वावरांत मेंढ्या बसल्यात आणि त्यातल्या कित्येक व्यायला टेकल्यात. पहाटेपासून माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टरसाहेब, राती चांगलं धडधाकट झालं होतं, सकाळी पायलं त गार पडलं."

यावर सगळीकडे एकच निदान: थंडीनं मेलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मेंढपाळांपर्यंत पोचलं तर यातली बरीच कोकरं वाचतील, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मेंढीच्या पोटात कोकरू ३९ अंशांच्या वर असतं, आईपेक्षाही साधारण अर्धा अंश गरम. तिथून ते थेट ८ अंशांच्या हवेत येऊन पडतं, आणि तेही ओलंचिंब. पाणी सुकायला उष्णता लागते, १ ग्रॅमला साधारण २.४ किलोज्यूल. कोकराच्या अंगावर १०० ग्रॅम पाणी धरा. ते सुकायला २४० किलोज्यूल हवेत. आता दुसरी बाजू बघा. ३ किलोच्या कोकराचं अख्खं अंग १ अंशानं गार व्हायला जेमतेम १०-११ किलोज्यूल गेले की पुरे. म्हणजे ती सगळी उष्णता अंगातूनच गेली आणि आत काहीच तयार झालं नाही, तर नुसतं सुकता सुकता कोकरू वीस अंशांहून जास्त थंड होईल. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतून मिळते आणि बरंचसं पाणी मेंढी चाटून काढते, तरी संकट केवढं आहे याचा अंदाज यावा. वारा सुटला असेल तर विचारूच नका.

आणि तरीही बहुतेक कोकरं तासाभराच्या आत लटपटत उभी राहतात आणि सड शोधायला लागतात. याचा अर्थ आत काहीतरी जोरात जळत असतं. कडाक्याच्या थंडीत नवजात कोकरू एरवीच्या पाचपट उष्णता तयार करू शकतं. त्यातली साधारण निम्मी स्नायूंच्या कापण्यातून येते, ती आपल्याला दिसते. उरलेली जवळपास निम्मी येते तपकिरी चरबीतून, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

कोकराच्या अंगात जन्मतः चरबी फार नसते, वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास. तिचा बहुतेक भाग गुर्द्यांभोवती असतो. आपल्या नेहमीच्या पांढऱ्या चरबीचं काम साठवण्याचं, हिचं काम जाळण्याचं. हिच्या पेशींत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात. त्यांच्यातली लोहयुक्त प्रथिनं आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं यांमुळे तिला तो रंग येतो.

एरवी मायटोकाँड्रिया अन्न जाळून प्रोटॉन एका पडद्यापलीकडे ढकलतात, आणि ते परत येताना एटीपी तयार होतं, म्हणजे पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा. तपकिरी चरबीत यूसीपी-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते प्रोटॉनना परतीची वेगळीच वाट उघडून देतं. तोतलाडोहचं पाणी वीजघरातून न नेता सांडव्यावरून सोडलं तर पाणी खाली येतंच, फक्त वीज होत नाही, तसं. एटीपी तयार होत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्या भागातून जाणारं रक्त तापतं आणि ते अंगभर फिरतं.

ही सोय पोटात असताना बंद असते. वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून, येणारी काही रसायनं तिला दाबून ठेवतात. गर्भातल्या कोकराला मुद्दाम थंड करून पाहिलेले प्रयोग आहेत. नुसत्या थंडीनं फारसं काही होत नाही, पण नाळ बांधली आणि फुप्फुसांना प्राणवायू दिला की उष्णता तयार व्हायला लागते. जन्माच्या वेळी हे सगळं एकदम घडतं: नाळ तुटते, श्वास सुरू होतो, कातडीला थंडी लागते. मग मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रिनलिन नावाचं रसायन सुटतं आणि चरबी पेटते.

पण हे इंधन मोजकं आहे. पोटात चीक, म्हणजे व्यालेल्या मेंढीचं पहिलं घट्ट दूध, गेला नाही, तर थंडीच्या रात्री काही तासांत ते संपतं. पुस्तकांत पाच तासांची रेघ मारलेली असते. चीक गेला तर नवं इंधन येतं आणि कोकरू तरतं.

मेलेलं कोकरू माझ्याकडे आलं की मी पहिले तीन गोष्टी बघतो. खुरांच्या टोकांवर जन्मतः पिवळसर मऊ टोप्या असतात, त्या झिजल्या असतील तर ते चाललं होतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात तरंगला तर त्यानं श्वास घेतला होता. आणि मग गुर्दे. जन्मताच गेलेल्या कोकराच्या गुर्द्यांभोवतीची चरबी घट्ट, फिकट गुलाबी-तपकिरी असते. रात्रभर झगडून गेलेल्याच्या गुर्द्यांभोवती गडद लालसर, लिबलिबीत थर उरतो. पोट उघडलं तर त्यात दुधाचा टिपूस नसतो. अशा कोकराला थंडीनं मारलं म्हणणं पुरेसं नाही. त्यानं होतं नव्हतं ते सगळं जाळलं आणि वर घालायला कुणी काही दिलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: बाहेरून ऊब देण्याआधी कोकराच्या पोटात काय आहे ते विचारा.

---

वावरवाटा

डॉक्टरसाहेब, लय चांगलं लिहिलं. आमचं गाव कोंढाळीपासून जवळच हाय. एक इचारतो. मागच्या पौषात आमच्या शेजारच्या कळपातलं एक कोकरू सकाळी आखडलेलं सापडलं. जित्तं होतं. त्याले शेकोटीपाशी पोत्यात गुंडाळून ठेवलं, चांगलं गरम झालं, मान बी उचलली. अन् मंग एकदम झटके आले अन् गेलं. गार होतं तवा जित्तं, गरम झालं तवा मेलं. हे काऊन होते?

---

रानवैद्य

वावरवाटा भाऊ, फार महत्त्वाचं विचारलंत. मूळ लेखात हे घातलं असतं तर तो आणखी लांबला असता.

रात्रभर उपाशी राहिलेल्या कोकराची चरबी संपलेली असते, आणि रक्तातली साखर अगदी तळाला गेलेली असते. अंग गार असताना सगळे अवयव मंद चालतात, त्यामुळे त्यांची मागणीही कमी असते. तुम्ही ते शेकलंत की मेंदू जागा होतो, साखर मागतो, आणि साखर तर नाही. मग झटके येतात आणि खेळ संपतो.

स्कॉटलंडमधल्या मोरेडन संस्थेत ईल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर काम केलं. त्यातून आलेला क्रम आजही जगभर वापरतात. गुदद्वारात थर्मामीटर लावा. निरोगी कोकराचं तापमान ३९ ते ४० अंश असतं. ३७ ते ३९च्या मध्ये असेल तर अंग खसखसून पुसा, चीक पाजा, आडोशाला आईपाशी ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा मोजा.

३७च्या खाली असेल तर वय विचारायचं. पाच तासांच्या आतलं असेल तर चरबी अजून शिल्लक असते. ते पुसा, शेका, ३७ पार झालं की चीक पाजा. पाच तासांच्या वरचं असेल तर आधी ग्लुकोज, मग ऊब. २० टक्क्यांचं ग्लुकोज, अंगाइतकं कोमट करून, किलोमागे १० मिली, पोटाच्या पोकळीत सुईनं. हे काम पशुवैद्यानं करायचं किंवा त्यानं समोर बसून शिकवलेल्या माणसानं. सुईची जागा आणि दिशा चुकली तर आतडं किंवा मूत्राशय फुटू शकतं, त्यामुळे इथं वाचून कुणी करू नका.

आणखी एक. ३७च्या खालच्या, मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. त्याला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं.

---

वावरवाटा

समजलं. म्हंजे त्या दिवशी आधी डॉक्टरले बलावाले पाह्यजे होतं, शेकोटी मंग. थर्मामीटर कोणतं घ्याचं?

---

रानवैद्य

मेडिकलमध्ये मिळतं ते साधं डिजिटल चालतं. फक्त काही डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांखाली नुसतंच 'लो' दाखवतात. तसं दिसलं तर ३७च्या बरंच खाली आहे हे धरूनच चाला. आणि अंधारात थर्मामीटर हाताशी नसेल तर कोकराच्या तोंडात बोट घाला. तोंड आतून गार लागलं म्हणजे वेळ घालवू नका.

---

सेमिनरी हिल्स

मी इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले, विषय शरीरक्रियाशास्त्र. सर, धागा उत्तम. थोडी भर घालते.

नवजात कोकरात कापण्याचा वाटा किती आणि न कापता तयार होणाऱ्या उष्णतेचा किती, हे वेगळं काढून दाखवण्याचं पायाभूत काम ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या जी. अलेक्झांडर यांनी १९६०च्या दशकात केलं. तिथं लाखांनी मेंढ्या उघड्या माळावर वितात. पावसात आणि वाऱ्यात कोकरं मरणं हा त्यांच्या अर्थव्यवस्थेचाच प्रश्न होता, म्हणून त्यांनी इतक्या खोलात जाऊन मोजलं.

दुसरं, वेळेचं गणित. यूसीपी-१चं प्रमाण जन्माच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि मग झपाट्यानं उतरतं. महिन्याभरात गुर्द्यांभोवतीची चरबी जवळपास पूर्ण पांढरी झालेली असते. तोवर कोकराचं पोट रवंथाच्या कामाला लागायला सुरुवात होते, लोकर वाढते, अंग मोठं होतं. ही सोय पहिल्या दिवसांसाठीच आहे.

तिसरी गोष्ट अडलेल्या प्रसूतीची. तपकिरी चरबीला जळायला प्राणवायू भरपूर लागतो. कोकरू बाहेर यायला तास-दीड तास अडकलं, गुदमरलं, तर ते जन्मल्यावर श्वास घेतं खरं, पण उष्णता नीट तयार करू शकत नाही. सुस्त असतं, सड शोधत नाही. म्हणजे दुहेरी मार. अशा कोकरावर पहिल्या तासातच लक्ष ठेवावं, ते 'दिसायला ठीक' असलं तरी.

---

प्रश्नचिन्ह

करडांनाही हे सगळं लागू का? आमच्याकडे उमरेड रोडला बेरारी शेळ्या आहेत, मेंढ्या नाहीत. आणि वराहपालन करणारा एक मित्र विचारतोय की पिल्लांचं काय?

---

सेमिनरी हिल्स

करडं, वासरं, कोकरं, तिन्हींत तपकिरी चरबी आहे आणि तीही मुख्यतः गुर्द्यांभोवतीच. करडांची अडचण अशी की ती आकारानं लहान, त्यात जुळी-तिळी. अंग जितकं लहान तितकी वजनाच्या मानानं कातडी जास्त, म्हणजे उष्णता गळायला जागा जास्त. शिवाय करडाची केसाळ कातडी लोकरीइतकी ऊब धरत नाही. तेव्हा थर्मामीटरचा नियम तोच, पण घाई दुप्पट.

डुकराचं मात्र वेगळं आहे. डुकरांच्या पूर्वजांत यूसीपी-१चं जनुक सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. स्वीडनच्या संशोधकांनी हे २००६ साली दाखवलं. त्यामुळे पिल्लांना कापण्याशिवाय पर्याय नाही, ती एकमेकांवर रचून झोपतात. मित्राला सांगा, त्यांना पहिल्या दिवसापासून बाहेरची ऊब लागतेच. तिथं चरबीच्या भरवशावर राहता येत नाही.

---

घोंगडी

आम्ही धनगर. वडील अजून कळप घेऊन फिरतात, मी नागपुरात नोकरीला. धागा वडिलांना फोनवर वाचून दाखवला.

त्यांचं म्हणणं असं: "थर्मामीटर नव्हतं तेव्हाबी कोकरं वाचवलीच ना." आणि मला ते पटतं. व्यालेल्या मेंढीपाशी रात्री माणूस बसलेला असायचा. कोकरू पडलं की नाकातोंडातली लाळ काढायची, मेंढीपुढं ठेवायचं, तिला चाटू द्यायचं. तिनं चाटलं नाही तर घोंगडीच्या टोकानं घासून काढायचं. मग सडातली पहिली धार जमिनीवर पिळायची, सड मोकळं झालं का बघायला, आणि कोकराचं तोंड धरून लावायचं. हे झाल्याशिवाय माणूस झोपायचा नाही. आता कळपात माणसं कमी झालीत. दोन माणसांवर तीनशे मेंढ्या. रात्रीत पाच-सहा वितात, कोण कोणाला बघणार?

हिवाळ्यात कच्छकडचे रबारी आपल्या भागात मेंढ्या आणि उंट घेऊन येतात ना, त्यांच्या उंटावरच्या सामानात नुकती जन्मलेली कोकरं बसवलेली मी लहानपणापासून बघतोय. तळ हलला तरी कोकरू वाऱ्यात चालत नाही.

मला विचारायचंय ते असं. शेकोटीनं नुकसानच होतं असं लोक समजतील, असं वाटतं. शेकोटी पूर्ण बंद करायची का?

---

रानवैद्य

घोंगडी दादा, वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलं त्यात सगळं आलं. घासून काढणं म्हणजे ते २४० किलोज्यूल वाचवणं, आणि सड मोकळं करून तोंड लावणं म्हणजे चरबी संपायच्या आत पोटात इंधन घालणं. सडाच्या टोकाला चिकाचा घट्ट बूच बसलेला असतो. अशक्त कोकराला तो चोखून निघत नाही, ते चोखत राहतं आणि आपल्याला वाटतं पितंय. पहिली धार पिळायची ती यासाठीच.

शेकोटी वाईट नाही. जन्मून तासभर झालेलं ओलं कोकरू शेकोटीच्या उबेला पुसून ठेवलं तर चांगलंच आहे. वाईट आहे ती उपाशी, गार पडलेल्या कोकराला नुसतीच शेकोटी.

माणसं कमी असतील तर निदान एवढं करा: व्यायला टेकलेल्या मेंढ्या संध्याकाळी वेगळ्या काढा आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला, पऱ्हाटीच्या गंजीआड बसवा. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या तरी आडोसा होतो. कोकराच्या अंगावरून वारा तोडणं हे अर्धं काम आहे.

---

लिंबूटिंबू

वाचतेय. फार माहितीपूर्ण. +१

---

उपराजधानी

२०१८च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, आठवतंय का? त्या आठवड्यात आमच्या हिंगण्याकडच्या शेतावर एका गड्यानं गार पडलेल्या करडाला चमच्यानं ब्रँडी पाजली होती. गावात अजूनही हा उपाय सर्रास करतात. काही अर्थ आहे का त्यात?

---

रानवैद्य

नाही. अजिबात करू नका. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात. वरून हाताला गरम लागतं, पण ती आतली उष्णता बाहेर चाललेली असते. वर दारूमुळे यकृताला नवी साखर तयार करता येत नाही, आणि या कोकराला साखरच कमी पडलेली असते. ज्या दोन गोष्टींनी ते मरतंय त्या दोन्ही दारूनं वाढतात. गुळाचं पाणी, चहा हेही गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात ओतू नका. कारण वर लिहिलंय, गिळता येत नाही.

---

घोंगडी

चीक किती पाजायचा? मोजून सांगा.

---

सेमिनरी हिल्स

पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिली, आणि पहिल्या चोवीस तासांत मिळून किलोमागे साधारण २०० मिली. म्हणजे ३ किलोच्या कोकराला पहिल्या फेरीत दीडशे मिली आणि दिवसभरात सहाशेच्या आसपास. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडं कोकराला मिळत नाहीत. तीही चिकातूनच येतात, आणि आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच आत घेतं. चिकाशिवाय थंडीतून वाचलेलं कोकरू पुढं न्यूमोनियानं किंवा हगवणीनं जातं, ते यामुळे.

ज्या मेंढीला किंवा शेळीला जास्त चीक आहे तिचा काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. वापरताना भांडं कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा. गॅसवर उकळला तर खरवस होतो आणि प्रतिपिंडं जातात. शेळीचा चीक कोकराला चालतो.

---

वावरवाटा

ताई, हे जमण्यासारखं हाय. फ्रीज हाय घरी.

आणखी एक इचारतो. काही मेंढ्यांचं कोकरू दरसाल टणक निघते, काहींचं मरतुकडं. ही तपकिरी चरबी कमी-जास्त काऊन होते? आईच्या खाण्यानं?

---

सेमिनरी हिल्स

वावरवाटा दादा, मला विचाराल तर या धाग्यातला सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे.

मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. कोकराच्या वाढीचा जवळपास ७० टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. गुर्द्यांभोवतीची चरबीही मुख्यतः गाभणकाळाच्या उत्तरार्धात जमते, आणि यूसीपी-१ तर अगदी शेवटी वाढतं. त्या वेळी मेंढी उपाशी राहिली, किंवा पोटात जुळी असून तिला एकाच्याच हिशेबानं खायला मिळालं, तर कोकरू लहान, चरबी कमी, आणि आईच्या कासेत चीकही उशिरा आणि थोडा. शिवाय खंगलेली मेंढी कोकराला नीट चाटत नाही, सोडून चरायला निघून जाते. म्हणजे एकाच उपासमारीचा फटका चार बाजूंनी बसतो.

आता आपल्याकडचं कॅलेंडर बघा. डिसेंबर-जानेवारीत वितात त्या मेंढ्यांचे शेवटचे सहा आठवडे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. तेव्हा पावसाळी गवत वाळून गेलेलं असतं. सोयाबीन निघून रब्बी पेरलेला असतो, तिथं मेंढ्यांना कुणी शिरू देत नाही, आणि कापसाची वावरं अजून मोकळी झालेली नसतात. नेमक्या गरजेच्या वेळी चारा सर्वांत कमी. रात्रीचा आडोसा, चीक, ग्लुकोज हे सगळं शेवटच्या क्षणाचं काम आहे. कोकराला थंडी झेपणार की नाही हे त्या सहा आठवड्यांत बऱ्याच अंशी ठरून गेलेलं असतं.

म्हणून निदान गाभण मेंढ्यांपुरता तरी तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा कुटार आणि दिवसाला पाव किलोच्या आसपास खुराक द्या. सरकी ढेप, मक्याचा भरडा, जे परवडेल ते. एकदम सुरू करू नका, हळूहळू वाढवा. सगळ्या कळपाला देणं परवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून पाठीवर हात फिरवून बघा. मणके बोटांना टोचतात त्या मेंढ्यांना आधी.

---

प्रश्नचिन्ह

गाभण मेंढीची लोकर कातरली तर कोकरू जास्त ऊबदार निघतं असं कुठंतरी वाचलं होतं. खरं आहे का हे?

---

सेमिनरी हिल्स

खरं आहे, पण इथं करू नका. ब्रिटनमध्ये मायकेल सायमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि ९०च्या दशकांत हे तपासलं. हिवाळ्यात गोठ्यात ठेवलेल्या मेंढ्यांची लोकर विण्याआधी काही आठवडे कातरली. त्या मेंढ्यांना थंडी जाणवली, त्यांच्या अंगातलं इंधनाचं चलनवलन बदललं, आणि कोकरांची न कापता उष्णता तयार करायची ताकद वाढली. पण त्या मेंढ्यांना छप्पर होतं आणि समोर पोटभर वैरण होती. कोंढाळीच्या उघड्या वावरात अर्धपोटी मेंढी कातरून ठेवली तर कोकराआधी तीच जाईल.

---

लिंबूटिंबू

थोडं अवांतर विचारते. मोठ्या माणसांतही तपकिरी चरबी असते आणि तिनं वजन कमी होतं असं जिममध्ये सांगतात. हीच का ती?

---

रानवैद्य

हीच. मोठ्या माणसांतही ती कामाची असते हे २००९ साली एकाच वेळी आलेल्या तीन शोधनिबंधांनी दाखवलं. मान आणि गळपट्टीच्या हाडांजवळ सापडते, पण फार थोडी. वजनाबद्दलचे दावे इथं नकोत, धागा भरकटेल. माणसाच्या बाळाबद्दल मात्र एक वाक्य लिहितो: त्याच्याही खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि गुर्द्यांभोवती ती असते, आणि कमी दिवसांच्या बाळात कमी असते. दवाखान्यात त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगतात, ते ऐका.

---

वावरवाटा

साहेब, शेवटचं. कोठ्यात बल्ब लावाचा विचार करून राहिलो. लाल इन्फ्रारेड वाला, २५० वॅटचा. अन् नळीनं चीक पाजाचं शिकाचं हाय. दोन्ही सांगजा.

---

रानवैद्य

बल्ब लावा, पण तो वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीनं आढ्याला बांधा, खालच्या तणसापासून निदान तीन-चार फूट वर. मेंढी उभी राहिली तरी पोचायला नको. तणस पेटलं तर अख्खा कोठा जातो. कोठ्याच्या एका कोपऱ्यावरच ऊब पडू द्या, म्हणजे जास्त झाली तर कोकराला बाजूला होता येईल. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा. उघडी बाटली अंगाला लावू नका, कातडी भाजते.

नळी कोकराच्या बाजूला धरून नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजा आणि तिथं पेनानं खूण करा. कोकरू ३७च्या वर आणि मान धरणारं असेल तरच घालायची. डाव्या गालाच्या कडेनं सरकवा, ते गिळत गिळत आत घेतं. खूण येईपर्यंत आरामात गेली तर ती पोटात आहे. मध्येच अडली किंवा कोकरू खोकलं, तर काढा आणि पुन्हा घाला. चीक सिरिंजचा दट्ट्या काढून वरून ओता, आपल्या वजनानं खाली जाऊ द्या, दाबू नका. बाहेर काढताना नळी चिमटीत दाबून काढा, म्हणजे थेंब घशात सांडत नाही.

पहिल्यांदा माझ्यासमोर करा. या रविवारी मी कोंढाळीकडेच आहे. कोठ्याची लांबी-रुंदी आणि दार कोणत्या दिशेला आहे ते आजच कळवा, म्हणजे आडोसा कुठं बांधायचा ते ठरवून येतो. आणि व्यायला टेकलेल्या मेंढ्या आज रात्रीपासूनच वेगळ्या काढा, रविवारची वाट बघू नका.